अस्सल इंटेल, क्रमांक ००००

श्रावणातल्या एका दुपारी मुरबाडहून व्हॉट्सॲपवर फोटो आला. कुणाच्या तरी तळहातावर ठेवलेला प्रोसेसर. वर धातूचं झाकण, त्यावर इंटेलचं नाव, खाली ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ आणि त्याच्याही खाली ‘क्यू’नं सुरू होणारी चार अक्षरं. फोटोमागोमाग मजकूर : ‘दादा, चौदा कोअरचा झिऑन आहे. ईएस आहे बोलतोय, पण चालायला ओरिजिनलसारखाच. घेऊ का नको?’

ज्या वस्तूवर ‘गोपनीय’ असं कोरलंय, ती दिल्लीच्या एका विक्रेत्याकडून मुरबाडच्या स्टुडिओत आणि तिथून शहापुरात माझ्या फोनवर, अशी बिनदिक्कत फिरत होती. मला आधी हसू आलं. मग वाटलं, प्रश्न हसण्यासारखा नाही. विचारणारा पोटासाठी विचारतोय.

तो लग्नांचे व्हिडिओ करतो. तुळशीचं लग्न लागलं की ज्येष्ठापर्यंत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि पावसाळ्यात तो राहिलेली कामं उरकत, मशीनवर वैतागत बसलेला असतो. आमच्याकडे लग्नाइतकीच हळद मोठी. रात्रभर बँजो, मांडवात दोन कॅमेरे, वर ड्रोन. एका हळदीचं चित्रण शंभर-दीडशे जीबीच्या घरात सहज जातं. यजमानाला त्यातून तीन मिनिटांचं ‘सिनेमॅटिक’ हवं असतं, तेही नवरीचं माहेरपण संपायच्या आत. त्याच्याकडचं मशीन जुनं, चौथ्या पिढीतल्या आय-फाइव्हचं. टाइमलाइनवर ४के क्लिप टाकली की ते घाटातल्या एसटीसारखं धापा टाकतं.

मी एकेकाळी मशीनं जोडून द्यायचो. धंदा बंद करून वर्षं झाली, तरी या दोन तालुक्यांतली माणसं अजून मलाच विचारतात. उत्तर फोनवर दोन शब्दांत देता आलं असतं. पण ‘नको’ म्हणायला सोपं असतं आणि ‘नको’ का, ते सांगायला मलाच नीट येत नव्हतं. म्हणून गेलो.

*

ईएस म्हणजे इंजिनिअरिंग सॅम्पल. नवा प्रोसेसर बाजारात यायच्या आधी वर्ष-सहा महिने त्याचे नमुने तयार होतात. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांना, सर्व्हर आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांना, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ते गुप्ततेच्या करारावर वापरायला दिले जातात. नमुना हातात असल्याशिवाय त्यांना आपला माल त्याच्याशी जुळवून घेता येत नाही.

शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला हे समजावायला मला फार लांब जावं लागत नाही. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. कर्जत-३, कर्जत-७ ही वाणं आमच्या खाचरांतून नांदली. पण वाणाला नाव मिळायच्या आधी ते बरीच वर्षं नुसता क्रमांक म्हणून जगतं. इथे लावून बघ, तिथे लावून बघ, कुठे लोळतं, कुठे करपा पडतो, कणी किती होते. या चाचण्यांतून तावून सुलाखून निघालं तर त्याचं बियाणं बाजारात येतं आणि पिशवीला लेबल लागतं : पैदासकाराचं पिवळं, पायाभूत पांढरं, प्रमाणित निळं. निळं लेबल बघून पिशवी उचलणाऱ्या माणसाला अनुवंशशास्त्र कळायची गरज नसते. कुणीतरी आपल्या वतीनं तपासलंय, एवढं त्याला पुरतं.

ईएस म्हणजे लेबल लागायच्या आधीचं, क्रमांकावर असलेलं वाण. तिथेही टप्पे आहेत. अगदी पहिला नमुना कधी विक्रीच्या प्रोसेसरपेक्षा कमी वेगानं चालतो, कधी त्यातला एखादा भाग बंद असतो, कधी काही चुका उघडपणे शिल्लक असतात. पुढचा नमुना सुधारलेला. शेवटचा तो क्यूएस, म्हणजे क्वालिफिकेशन सॅम्पल. तो बहुतेक वेळा विक्रीच्या मालाइतकाच पक्का असतो. विक्रीच्या इंटेल प्रोसेसरवर ‘एस’नं सुरू होणारा संकेत असतो, नमुन्यावर ‘क्यू’नं सुरू होणारा. विकणारे सगळे आपला माल शेवटच्या टप्प्याचाच असल्याचं सांगतात. पहिल्या टप्प्याचा नमुना विकायला बसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

काही नमुने स्वतःचं नावही सांगत नाहीत. मशीन चालू करून माहिती बघितली तर पडद्यावर येतं : ‘जेन्युइन इंटेल सीपीयू ००००’. अस्सल आहे, इंटेलचा आहे, आणि नाव विचाराल तर चार शून्यं. शाळेच्या दाखल्यावर नावाच्या जागी शून्य असलेलं पोर कुठल्या वर्गात बसवायचं?

एक मात्र आधीच सांगून टाकतो. नमुना असणं हा काही गुन्हा नाही. आज जगात चालणारा प्रत्येक प्रोसेसर या अवस्थेतून गेलाय. सप्टेंबर २००८मध्ये इंटेलनं झिऑन ७४०० काढला. सहा कोअर, १९० कोटी ट्रान्झिस्टर आणि आरेखन बंगळूरचं. तोही आधी कुणाच्या तरी प्रयोगशाळेत नमुना म्हणून रांगलाच असणार. आणि लेबल लागलेला माल निर्दोष असतो असंही नाही. पुण्यात जन्मलेल्या विनोद धामांचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं त्या पेंटियमला १९९४मध्ये भागाकार चुकायची खोड निघाली. व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली अविभाज्य संख्यांवर काम करत होते, त्यांना ती सापडली. आधी टाळाटाळ झाली, मग इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. एएमडीच्या फेनॉम प्रोसेसरलाही २००७मध्ये दोष निघाला. अगदी अलीकडे, २०२४मध्ये, इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर आतून झिजून अस्थिर व्हायला लागले, तेव्हा कंपनीनं हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली.

म्हणजे फरक दोष असण्या-नसण्यात नाही. दोष निघाल्यावर कुणाची गचांडी धरायची, यात आहे. इंटेलची भूमिका याबाबत जुनी आणि स्पष्ट आहे : नमुने ही कंपनीची मालमत्ता, ती उसनी दिलेली, विकायची नाही, त्यावर हमी नाही. पेंटियमवाल्यांना बदलून मिळाला, चौदाव्या पिढीवाल्यांना मुदत मिळाली. चार शून्यंवाल्याला काही मिळणार नाही, कारण कंपनीच्या लेखी तो गिऱ्हाईकच नाही.

*

शहापूरहून मुरबाडला किन्हवली-सरळगावच्या रस्त्यानं गेलं की दोन्ही बाजूंना भातशेती लागते. श्रावणात हा रस्ता फार सुंदर असतो आणि फार खड्ड्यांचाही. माझ्या डोक्यात वाटभर एकच विचार होता : या भागात जुनी वस्तू घेणं हे काही कमीपणाचं मानलं जात नाही, उलट ती एक विद्याच आहे.

इथून मुंबईला पाणी जातं. तानसाचं धरण १८९२चं. पुढे भातसा झालं. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो, तरी इथलं पाणी मुंबईच्या नळाला. आणि मुंबईकडून आमच्याकडे काय येतं? वापरलेलं. कंपन्यांनी मोडीत काढलेले संगणक, दुसऱ्या हाताच्या बाइक, फ्रीज, सोफे, रिक्षा. लॅमिंग्टन रोडवरून मी कितीतरी मशीनं आसनगावपर्यंत मांडीवर आणली आहेत. कागदोपत्री त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. तो गेला, पण रस्ता अजून त्याच्याच नावानं ओळखला जातो. तिथे जायचं म्हणजे दादरला उतरून पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड. एक वस्तू बिघडली की जाऊन-येऊन अख्खा दिवस. मुरबाडला तर रेल्वेच नाही, आधी एसटीनं कल्याण गाठायचं. हे अंतर प्रोसेसरच्या किमतीत कुणी धरत नाही. खरं तर तेच आधी धरायला हवं.

आणि या विद्येची शाळा म्हणजे म्हशाची जत्रा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, तिथला बैलबाजार नावाजलेला. बैल घेणारा तोंड उघडून दात बघतो : दोनदाती, चारदाती की जुळलेला. खूर बघतो, खांदा दाबून बघतो, चालवून बघतो, शेपटीखाली हात घालून बघतो. भाव उपरण्याखाली बोटांवर ठरतो. आता कानात १२ आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्लाही असतो. एवढं करूनही फसणारे फसतात. पण बैल विकणारा पुढल्या पौषातही म्हशाला येणार असतो, आणि ज्याला फसवलं तोही येणार असतो. बाजार टिकून असतो तो यावर.

दिल्लीचा विक्रेता म्हशाला येत नाही.

हे प्रोसेसर येतात तरी कुठून? मुख्यतः चीनमधून. मदरबोर्ड आणि सर्व्हरचे कारखाने तिथे, चाचणीच्या प्रयोगशाळा तिथे, मोडीत निघालेल्या इलेक्ट्रॉनिक्सची मोठी उलाढालही तिथेच. चाचणी संपली की नमुना परत करायचा किंवा नष्ट करायचा असतो. काही परतही जात नाहीत नि नष्टही होत नाहीत. शेंझेनच्या ह्वाछ्यांगबेई बाजारात सगळ्या गोष्टींना गिऱ्हाईक आहे. आपल्याकडची पोरं पूर्वी अलीएक्सप्रेसवरून थेट मागवायची; २४ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ४३ ॲप्सवर बंदी घातली, त्यात ते गेलं. माल थांबला नाही, मध्ये आणखी एक हात वाढला. आयातशुल्क, मध्यस्थाचा नफा, कुरिअर. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, सातवाहनांच्या काळी जकातीची नाणी त्यात पडत असं सांगतात. घाटाचा पायथा आमच्या मुरबाडचा. परदेशी मालाची जकात भरायची सवय या वाटेला तेव्हापासूनची.

*

स्टुडिओत गेलो तर तो एक हळद कापत बसला होता. म्हणजे एडिट करत. चहा आला. मी म्हटलं, ‘मला आधी मशीन अडतं कुठे ते दाखव.’

त्यानं क्लिप लावली. कॅमेरा नवा, चित्रण एच.२६५मध्ये, १०-बिट, ४:२:२. प्ले दाबलं की चित्र अडखळत होतं, आवाज पुढे पळत होता. वधूची मावशी एका जागी गोठून हळद लावत होती आणि बँजो पुढच्या गाण्यावर गेला होता.

‘चौदा कोअर असले की हे थांबेल ना?’

इथेच खरी मेख होती. एच.२६५मध्ये चित्रण फार दाबून भरलेलं असतं, ते उलगडायला खास यंत्रणा लागते. इंटेलच्या अलीकडच्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरात, चित्र दाखवण्याचा भाग आतच असेल तर, ती असते. क्विक सिंक म्हणतात तिला. अकराव्या पिढीपासून पुढचे ४:२:२, १०-बिट चित्रणही तिथल्या तिथे उलगडतात. फोटोतल्या झिऑनमध्ये, ई५-२६८० व्ही४ किंवा त्याच्या भावंडांत, हा भागच नाही. चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड, सगळं खरं. पण ते चौदा जण हातानं दोरी वळणार, आणि बाजूच्या दुकानातला सहा कोअरचा साधा प्रोसेसर यंत्रावर. तिथे ग्राफिक्स कार्ड मदतीला येईल म्हणावं तर एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ उलगडणं आलं ते २०२५च्या पन्नास मालिकेपासून. जुन्या कार्डांना ते येत नाही.

‘म्हणजे मी कोअर मोजत होतो ते चुकीचंच?’

चुकीचं नाही, वेगळ्या कामाचं. शेवटचा व्हिडिओ बाहेर काढताना, आवाज साफ करताना, एकाच वेळी बरीच कामं लावल्यावर कोअर कामाला येतात. पण त्याचा जीव टाइमलाइनवर जातो, आणि तिथे हा पैलवान उपयोगाचा नाही.

पुढचं कागदावर मांडलं. ई५-२६८० व्ही४ २०१६च्या मार्चअखेर आला. म्हणजे त्याचा नमुना त्याहीआधीचा. कंपनीनं सांगितलेली उष्णतेची मर्यादा १२० वॅट. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. नुसत्या प्रोसेसर-कार्डापायी शंभर वॅट जास्त जाताहेत असं धरलं आणि मशीन रोज दहा तास चाललं, तर महिन्याला ३० युनिट वर. मुरबाडला पावसात वीज किती वेळा जाते ते इथल्या माणसानं मला सांगायला नको. १५० एएचच्या एका बॅटरीवरच्या इन्व्हर्टरला ३०० वॅटचं मशीन लावलं तर कागदावर चारेक तास मिळतात. जुनी बॅटरी असेल तर त्याच्या निम्मे. त्यात पंखा आणि ट्यूब वेगळी.

मदरबोर्डही साधा चालत नाही. या पिढीला लागणारे बोर्ड कंपन्यांनी केव्हाच बंद केले, आता मिळतात ते चीनमध्ये जुने चिपसेट काढून नव्यानं बनवलेले. सर्व्हरची रॅम त्यांना चालते आणि ती स्वस्त मिळते, एवढं त्यांचं भलं. विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर बसत नाही, विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘पण दादा, किती स्वस्तात देतोय.’

या प्रश्नाचं उत्तर मला सरळगावच्या रस्त्यावर सुचलं होतं. याच ई५-२६८० व्ही४ची विक्रीची आवृत्ती, ‘एस’ संकेताची, डेटा सेंटरांनी सर्व्हर बदलताना ढिगानं बाहेर काढली. जुन्या बाजारात ती मातीमोल मिळते. जिथे निळ्या लेबलचं बियाणंच पडत्या भावात आहे, तिथे क्रमांकाचं बियाणं घेऊन वाचतात किती? नमुना घेण्यात पैशाचा काही अर्थ असेल तर तो नव्या, महागड्या पिढीत. आणि नव्या पिढीतच बायोस, ठिगळं, अस्थिरता यांची सर्वांत जास्त कटकट.

ठिगळं म्हणजे मायक्रोकोड. प्रोसेसरच्या आत राहिलेल्या चुकांवर कंपनी छोटे दुरुस्तीचे संच काढते. मशीन सुरू होताना बायोस, म्हणजे बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, ते आत भरतो. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या चोरवाटा उघडकीला आल्या, तेव्हा जगभरच्या मशीनांना अशी ठिगळं लागली. शेवटच्या टप्प्याच्या नमुन्याची आतली घडण विक्रीच्या मालासारखीच असेल, तर त्याला तीच ठिगळं चालतात. आधीच्या टप्प्याच्या नमुन्यासाठी मात्र कुणी शिवत बसत नाही. उलट बोर्डाच्या कंपनीनं नव्या बायोसमधून जुन्या नमुन्यांचे संच काढून टाकले, की कालपर्यंत चालणारं मशीन अपडेटनंतर काळा पडदा दाखवतं. ऐन लग्नसराईत, शनिवारी रात्री, रविवारी हळद. स्टुडिओवाल्याला मी हे चित्र जरा रंगवूनच सांगितलं, हे कबूल करतो.

शेवटी आम्ही ठरवलं : बाराव्या पिढीतला, आत चित्राचा भाग असलेला आय-फाइव्ह, वापरलेला पण ‘एस’ संकेताचा, कल्याणमधून, समोर चालवून बघून. तुळशीच्या लग्नाआधी. त्याला ते पटलं, पण तोंड उतरलं होतं. चौदा हा आकडा सहजासहजी मनातून जात नाही.

*

इथे लेख संपवता आला असता. पण शहापुरात एक पोरगा आहे, त्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

डिप्लोमाला आहे. वडील भिवंडीच्या एका गोदामात रात्रपाळीला. समृद्धी महामार्ग जिथे संपतो त्या आमण्याच्या आसपास गोदामंच गोदामं. अख्ख्या मुंबईची पार्सलं तिथून सुटतात. पोरानं एका सुट्टीत तिथेच काम करून साठवलेल्या पैशांतून ईएस झिऑन आणि चिनी बोर्ड घेतला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं.

मशीन पत्र्याच्या कपाटावर, कॅबिनेटशिवाय उघडं ठेवलेलं. पंखा कुठल्याशा जुन्या मशीनचा, दोऱ्यानं बांधलेला. मी गेलो तेव्हा त्यानं सीपीयू-झेड, प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून दाखवलं. नावापुढे कंसात ‘ईएस’.

‘काका, यात रॅमचे चार स्लॉट आहेत ना, दोनच दिसतात. आधी वाटलं बोर्ड खराब. मग सॉकेटच्या पिना मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघितल्या, सगळ्या सरळ. रॅम अदलून-बदलून बघितली. मग एका सरांच्या जुन्या वर्कस्टेशनमध्ये हा प्रोसेसर लावला. तिथेही दोनच.’

म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्मृती सांभाळणारा भाग अर्धा मेलेला. नमुना होता म्हणून, की हाताळणीत मेला, सांगता येणार नाही. पण दोष त्यानं जसा शोधला तशी पद्धत मला धंद्यात पाच वर्षं घालवल्यावर आली होती.

पहिल्या महिन्यात बायोस अपडेट करून त्यानं बोर्ड मारला होता. मग सीएच३४१ए नावाचा छोटा प्रोग्रामर मागवला, बायोसच्या चिपला चिमटा लावला, जुनी फाइल पुन्हा भरली. तीन रात्री गेल्या. आता गावातल्या दोन सायबर कॅफेवाल्यांचे मेलेले बोर्ड त्यानं तसेच जिवंत करून दिलेत. मशीनवर एकाच वेळी पाच-सहा आभासी संगणक चालवून तो नेटवर्क शिकतो. स्टुडिओवाल्याला जे चौदा कोअर निरुपयोगी, ते याला नेमके लागतात. मशीन बंद पडलं तर हळद अडत नाही, झोप अडते फक्त.

त्याला मी ‘चूक केलीस’ कसं म्हणू?

आणि ‘बरं केलंस’ तरी कसं? वस्तू मुळात उसनी दिलेली. वस्तुविक्री कायदा १९३०चा; त्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याची वस्तूवर जेवढी मालकी, तेवढीच घेणाऱ्याला मिळते. उसन्या आणलेल्या पातेल्याची विक्री करणाऱ्याकडून पातेलं घेतलं, तर पैसे दिले म्हणून ते आपलं होत नाही. याला काही अपवाद आहेत, पण घेणाऱ्याला मालकीतल्या दोषाची खबर नसणं हे त्यांत महत्त्वाचं. आणि इथे तर झाकणावरच ‘कॉन्फिडेन्शियल’ कोरलेलं. मला माहीत नव्हतं, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? इंटेलचा माणूस शहापूरच्या खोलीत येऊन एक अर्धामेला प्रोसेसर परत मागेल असं मलाही वाटत नाही. पण कुणी मागायला येणार नाही म्हणून वस्तू आपली, हे गणित आमच्याकडे सातबाऱ्यावरून ज्यांची भांडणं पाहिलीत त्यांना पटू नये.

पोराला मी हे सांगितलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, ‘म्हणजे मोठ्या कंपन्यांनी फेकलेलं आम्ही उचललं तरी आमचंच चुकतं.’

फेकलेलं होतं की पळवलेलं, हे त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पाचशे लॅपटॉप बदलणाऱ्या कंपनीला शिकायचं साधन म्हणून दोन मशीनं तालुक्याच्या शाळेत ठेवता येतात. ती येत नाहीत, म्हणून चार शून्यं येतात.

त्याच्याकडून शिकलेल्या काही गोष्टी, ज्याला घ्यायचाच आहे त्याच्यासाठी. झाकणावरचं कोरीव काम बघून विश्वास ठेवू नये, झाकण बदलता येतं, घासून नव्यानं कोरताही येतं. मशीन चालू असताना काढलेला सीपीयू-झेडचा व्हिडिओ मागावा, त्यात विक्रेत्याच्या हातानं लिहिलेली त्या दिवसाची तारीख दिसली पाहिजे. रॅमचे सगळे स्लॉट भरून दाखवायला सांगावेत. नेमकी ती क्यू-अक्षरं, नेमका तो बोर्ड आणि नेमकी ती बायोसची आवृत्ती चालल्याचं कुणी दाखवलं असेल तरच पुढे जावं, आणि मग त्या बायोसला हात लावू नये. प्रोसेसरच्या पाठीमागे सोनेरी ठिपक्यांमध्ये मोहरीएवढे कपॅसिटर असतात, त्यांतला एखादा उडालेला नाही ना ते बघावं. आणि रात्रभर पूर्ण ताण देऊन चालवावा. बैल चालवून बघतात तसा, फक्त इथे चढ स्वतःच बनवायचा.

यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं पैसे देण्याआधी करायचं असतं. तेच कुणी करत नाही.

*

गेल्या आठवड्यात पोरानं पुन्हा बोलावलं. त्याला प्रोसेसर विकायचा होता. ओळखीतून एक जुना पण चारही स्लॉट चालवणारा, ‘एस’ संकेताचा मिळत होता, थोडे पैसे कमी पडत होते.

‘काका, जाहिरातीत काय लिहू? मित्र बोलतो ईएस लिहूच नको. झाकणाचा फोटो नको टाकू, नुसता चौदा कोअर लिही. मला फसवलं तसंच.’

‘तुला फसवलं होतं?’

‘फसवलं म्हणजे, दोन स्लॉटचं नव्हतं सांगितलं.’

कायद्याचं कलम पुन्हा सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं ते ऐकलं होतं. तो बराच वेळ फोनवर टाइप करत बसला. बाहेर पाऊस लागला होता, पत्र्यावर आवाज इतका की बोलणं ऐकू येईना. मग त्यानं फोन माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं : ‘झिऑन १४ कोअर. इंजिनिअरिंग सॅम्पल आहे, कंपनीची वॉरंटी नाही, कंपनीच्या नियमानं विकायचा नसतो. रॅमचे २ स्लॉट चालत नाहीत. बायोस अपडेट करू नका. शिकायला चांगला आहे. शहापूरला येऊन चालवून बघा, चहा देऊ.’ खाली झाकणाचा फोटो, अक्षरं स्वच्छ दिसणारा.

‘असं लिहिलं तर कोण घेणार?’ मी म्हटलं.

‘तेच ना.’

आठ दिवस झाले. काल रात्री त्याचा मेसेज आला, सोबत स्क्रीनशॉट. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं होतं :

‘लास्ट प्राइस?’